बठेल माय

दगडावर खडूनं डोळे काढलेले होते. दोन डोळे, मध्ये सरळ नाक, त्याखाली कॅलेंडरातल्या देवीचं असतं तसं बेताचं हसू. माझा एक पाय बसच्या पायरीवर होता, दुसरा जमिनीवर टेकायचा होता, आणि मागून माझी सहावीची पोरं "टीचर, उतरो ना" करत पाठीत दप्तरं खुपसत होती. मला हलताच येईना. ज्या जागी इतकी वर्षं नुसता गुळगुळीत दगड होता तिथून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, आणि ते बघणं माझ्या ओळखीचं नव्हतं. मग एका पोरानं जरा जास्तच ढकललं आणि मी उतरले.

भेस्तानच्या या मैदानात पालिकेनं शिल्पकारांचं शिबिर भरवलं होतं. शाळांनी मुलांना आणावं, उघड्यावर काम करणारे कलाकार दाखवावेत, असा निरोप आला तेव्हा मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडे टोलवला. "सुषमाबेन, तुम्हाला आवड आहे," म्हणाले. आवड कसली डोंबलाची! शनिवारी शाळा सुटल्यावर चाळीस पोरं सांभाळायचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं, एवढंच. पण मी हो म्हटलं, आणि इतक्या चटकन म्हटलं की त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कुठून माहीत असणार की याच मैदानात, या पोरांच्याच वयात, मीसुद्धा अशीच जोडीदाराचा हात धरून रांगेत उभी होते. तेव्हा भेस्तान म्हणजे सुरतेच्या बाहेरचं काहीतरी होतं. शेतं होती, शेतांच्या मधेमधे लूमचे पत्र्याचे शेड उगवायला लागले होते, आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी उसाचा वास यायचा, कधी सुताच्या तेलकट धुळीचा. आता चारी बाजूंनी इमारती आहेत आणि मैदान मधे आकसून बसलंय. झाड तेवढं तेच आहे, कडुनिंबाचं. मी त्याच्याकडे बघायचं टाळून मुलांना ओळीत बसवलं.

ती त्या झाडाच्या समोर बसलेली आहे. एक मांडी जमिनीवर, दुसरा गुडघा उभा, गुडघ्यावर कोपर, आणि त्या हाताच्या तळव्याला टेकलेलं डोकं. आमच्या खानदेशी बाया हातातलं काम थांबलं की बसतात तशी. डोक्यावरून पदर, आणि पदराच्या आत तोंडाच्या जागी नुसता वाटोळा, घासून गुळगुळीत केलेला गुलाबी दगड. मागची बाजू तर खाणीतून आली तशीच खडबडीत आहे. पुढून बाई, मागून दगड. मी सहावीत असतानाचं जुनं शिबिर संपून कलाकार गेले, तेव्हा कुणीतरी तिला पहिलं कुंकू लावलं. कुणी, ते कुणालाच सांगता येत नाही. मग हिरव्या बांगड्या आल्या, हार आले, श्रावणातल्या कानबाईच्या सणाला रोटांचा नैवेद्य येऊ लागला. नारळ मायच्या अंगावर कसा फोडायचा, म्हणून बाया तो मागच्या खडबडीत बाजूवर फोडतात, जिथं ती माय नसून दगड आहे. आजूबाजूच्या चाळींमधून तिला 'बठेल माय' म्हणतात, म्हणजे बसलेली आई. ती माझी आई आहे हे तिथं कुणालाच ठाऊक नाही.

शाळेत शिकून मी 'आई' म्हणायला लागले, एरवी तीही मायच. धुरपदाबाई. शिरपूरकडची. लग्न होऊन सुरतेला आली, वडील लूमवर कापड विणायला आणि ती सुताच्या बॉबिन भरायला, एकाच शेडमध्ये. तो शेड या मैदानाच्या पलीकडच्या रस्त्यावर होता. मंगलाबाई म्हणून आमच्या वर्गशिक्षिका होत्या, हट्टी बाई, त्यांनी ठरवलं की त्या हिवाळ्यात दर शनिवारी वर्ग इथं आणायचा आणि गप्प बसून बघायचं. "काय होणार ते विचारायचं नाही. आज काय निघालं ते बघायचं," असं त्या सांगायच्या. आम्हाला ते मुळीच कळत नसे, पण शाळेतून बाहेर पडायला मिळतंय म्हटल्यावर आम्ही हूं की चूं न करता बसायचो. दुपारच्या सुट्टीत आई माझा डबा घेऊन यायची. कळण्याची भाकर, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. डबा देऊन ती मागे झाडाखाली जाऊन बसायची, शेडचा भोंगा होईपर्यंत. तेवढीच तिची उसंत. बॉबिनच्या खडखडाटातून उठून आलेलं माणूस कसं बसतं ते त्या शेडमध्ये गेल्याशिवाय कळायचं नाही. ती काही बघत नसे, बोलत नसे. नुसती बसे. मी पुढे, वर्गात, तोंड शिल्पकाराकडे. ती माझ्या पाठीमागे.

"बच्चा लोग, मास्कवाळा काकाथी दूर बेसजो," असं ओरडत एक पोरगेला शिल्पकार आमच्याकडे आला. नाकावरचा मास्क गळ्यात, केसांत पांढरी भुकटी. त्याच्या मागे मैदानभर कटर किंचाळत होते. पूर्वी इथं छिन्नी-हातोड्यांचा आवाज असे, टक टक, टक टक, त्यात बसून डुलकीही लागायची. आता मुलांनी कानांवर हात ठेवले होते आणि त्यांना ते फारच आवडत होतं. त्यानं आपलं नाव ललित सांगितलं. मी दगडाकडे बोट केलं आणि विचारलं, हे डोळे कुणी काढले?

"मेंच, मॅडम. लोकोनी डिमांड छे," तो म्हणाला, मग माझा चेहरा बघून मराठीवर आला. "येतं मला मराठी. घरी अहिराणीच बोलतात, इथं सवय राहत नाही. वसंतसरांचं काम आहे हे, अधुरं राहिलेलं. मी त्यांच्या शिष्याकडे शिकलो बडोद्याला. म्हणून ऑफिसनं मलाच सांगितलं, पूर्ण करून दे."

"अधुरं कशावरून?"

तो हसला. मी काहीतरी बाळबोध विचारलंय असं समजून समजुतीनं हसला. "चेहरा नाही ना, मॅडम."

मला त्याचा राग येईना. चांगला मुलगा होता. एवढ्या गोंगाटात मुलांना हातमोजे दाखवत होता, छिन्न्या दाखवत होता, पाणी कशाला मारायचं ते सांगत होता. पण त्याच्या खांद्यावरून ते खडूचे डोळे माझ्याकडे बघत होते. माझ्या आईच्या अंगावर कुणीतरी परकीचं डोकं बसवणार होतं, आणि मी तिथं हजेरी घेत उभी होते.

त्याचे वसंतसर म्हणजे आमचे वसंतकाका, उंच, वाळके, लुंगीवाले. नाकाला उपरणं बांधून काम करायचे आणि बोलायचं झालं की ते खाली ओढायचे, तेव्हा नाकाखालचा चेहरा एकदम काळा आणि वरचा पांढरा दिसायचा, आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. रोज काम सुरू करण्याआधी ते दगड वाजवून बघत. छोटी हातोडी घेऊन खालून वर, कान लावून. घट्ट दगड वाजतो आणि आत तडा असेल तर तो बोलत नाही, एवढं त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग आमची पाळी. प्रत्येकानं एकेक टोला मारायचा, हव्या त्या जागी. पोरं पायापाशी, गुडघ्यापाशी मारायची, हात पोचतो तिथं. मला वरची जागा लागायची. लाकडी खोक्यावर चढून मी अगदी वर मारायची. पहिले दोनतीन शनिवार तो नुसता ठोकळा होता. ते काहीतरी घोडा की बैल काढणार होते म्हणे. मग एका शनिवारी ते काम करता करता थांबले, आमच्या डोक्यांवरून मागे बघत राहिले. बराच वेळ. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. झाडाखाली माझी आई बसली होती, दुसरं काहीच नव्हतं.

"बाई, जरा अशाच बसून राहाल का?" त्यांनी हाक मारून विचारलं.

आई दचकली. पदर सारखा केला. "काय पाही ऱ्हायना रे भो माले? मी काय तमासा शे का?"

सगळा वर्ग हसला. मंगलाबाईंचे कान लाल झाले, आणि माझे तर विचारूच नका. बडोद्याच्या सरांना माझी आई 'काय बघतोस रे' म्हणून अरे-तुरे करत होती. तिला कुणालाच अहो-जाहो करता येत नसे, देवालाही नाही आणि शेडच्या शेठलाही नाही. पण वसंतकाका उपरणं खाली ओढून तिच्याजवळ गेले, समोर उकिडवे बसले आणि काहीतरी हळू बोलले. मी कान टवकारले होते. ती आधी नाही नाही करत होती. मग म्हणाली ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. "आंग काढ. तोंड नको काढू. आंग समद्या बायास्नं सारखंच ऱ्हास. तोंड मन्हं शे."

अंग काढ, तोंड नको काढूस. अंग सगळ्या बायांचं सारखंच असतं, तोंड माझं आहे. वसंतकाका मान खाली घालून ऐकत होते. "नाही काढत," ते म्हणाले. त्यानंतर दर शनिवारी भोंगा होईपर्यंत ती तिथं बसायची आणि ते तिच्याकडे बघत दगड फोडायचे. शेवटच्या दिवशी बरेच पाहुणे आले, हार-तुरे झाले, आणि एका पाहुण्यानं विचारलंच की चेहरा का नाही. वसंतकाकांनी हात झटकले. "एवढंच होतं," ते म्हणाले. मी पहिल्या रांगेत होते. माझ्या आईला लूमवाले शेठ विचारत नव्हते, घरमालकीण विचारत नव्हती, वडील तर भाजीतल्या मिठापलीकडे काही विचारायचेच नाहीत. तिनं सांगितलं आणि कुणी ऐकलं, असं मी त्या वयापर्यंत पाहिलेलं नव्हतं. पुढं नोकरीत, सासरी, जिथं जिथं मला नको म्हणायची पाळी आली, तिथं तिथं मी हा दगड आठवला. म्हणता येतं नको. माणसं ऐकतात. पुरावा भेस्तानला आहे.

"तू मास्तरीन शे का व?"

माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन उभी राहिली होती. हातात तांब्या, त्यात पाणी आणि दूर्वा. मागे आणखी चारपाच बाया. तिचं नाव सरलाबाई, रोज सकाळी मायला पाणी घालायचं तिच्याकडे आहे, असं तिनं न विचारता सांगितलं. मायला डोळे बसवायचं तिच्याच मनात आलं होतं. तिनं बायांना सांगितलं, बायांनी नगरसेवकाला गाठलं. सांगताना तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं, आणि का वाटू नये.

"पण ताई, अशीच बरी नाही का?" मी म्हटलं. "इतकी वर्षं अशीच आहे."

"तिले डोयाच नहीत ना व बाई," ती म्हणाली. "मी रोज येस. बोलस, बोलस. ती काय पाहत नही." तांब्या तिनं दुसऱ्या हातात घेतला. "मन्हा सुकदेव हजीराले जास कामले. घर वना का मोबाइलमा तोंड. जेवस बी मोबाइलमाच. सून इच्छापोरले जास, ती बी तशीच. कोनी तं पाह्याले पाहिजे ना मन्हाकडे."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणालीच नाही. दूधवाला उशिरा येतो, असं सांगावं तसं सांगितलं. मी मुलांना उगीचच सरळ बसा म्हणून दटावलं.

ललितनं एक फोटो काढून ठेवला होता, देवीचा, छापील. बायांनी दिलेला. त्याच्यावरून तो खडूची रेघ सुधारत होता. मला वाटलं, डोळे यायचेच असतील, तर ते तिचे का येऊ नयेत? माझा हात पर्समध्ये गेला. मी मोबाइल काढला आणि आईचे फोटो चाळू लागले. गेल्या वर्षी ती गेली. फोटो आहेत भरपूर. दवाखान्यात नाकात नळी असलेली आई. माझ्या मुलाच्या, केदारच्या वाढदिवसाला गालाला केक लागलेली, काही न कळून हसणारी आई. खिडकीत, अंगावर स्वेटर, वाटाण्याच्या शेंगा सोलणारी. सगळीकडे म्हातारी. त्या गुडघ्याची, त्या मनगटाची बाई तिशीची होती. तिचा एकही फोटो नव्हता. मी डोळे मिटून तो चेहरा आठवायला गेले आणि घाबरले. आठवत होती ती टाच, तिच्यातली भेग. सुतानं चिरलेली बोटं. हातातली एक काचेची, एक प्लास्टिकची बांगडी. पदराखाली मात्र नुसतं गुळगुळीत होतं. त्या सगळ्या शनिवारी मी पुढे बघत होते आणि ती माझ्या मागे होती. तिचं तिशीतलं तोंड नीट निरखून पाहिलेला एकच माणूस होता, आणि त्यानं ते काढलं नाही. मी मोबाइल परत पर्समध्ये टाकला.

सांगून टाकावं, असंही मनात आलं. ही माय नाही, धुरपदाबाई आहे, बॉबिन भरायची, तिनं नको म्हटलं होतं. पण तेही जमणार नव्हतं. वडील गेल्यानंतरची गोष्ट. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि आम्ही दोघी रिक्षानं इथून चाललो होतो. कानबाईचे दिवस होते. मैदानात बाया जमल्या होत्या, गाणी चालली होती. आईनं रिक्षा थांबवायला लावली. उतरली, बायांमधून वाट काढत पुढं गेली, कुणाच्या तरी ताटातलं कुंकू घेतलं आणि त्या कोऱ्या दगडावर, जिथं कपाळ आलं असतं तिथं, अंगठ्यानं ठसठशीत टिळा लावला. स्वतःच्या कपाळावर तिनं वडिलांनंतर पुन्हा काही लावलं नव्हतं. मी कितीदा म्हटलं होतं, निदान टिकली लाव, आता कोण बघतंय. ती हूं म्हणायची आणि लावायची नाही. रिक्षात येऊन बसली तेव्हा तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. पाहते तर पदर तोंडात कोंबून हसत होती. "मीच माले कुकू लाई उनी," ती म्हणाली, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा हसली. मग एकदम गंभीर होऊन, "कोनले सांगू नको." उधना येईपर्यंत ती आपल्या अंगठ्याकडे बघत बसली होती. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

कटर थांबले. चहाची वेळ झाली होती. एकदम शांत झाल्यावर कान गच्च वाटायला लागले. ललित मुलांपुढं उभा राहिला. "आता मी चेहरा चालू करणार," तो म्हणाला. "पण आधी एक गंमत. दगड बोलतो, माहितेय?" त्यानं छोटी हातोडी घेतली. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या हातात, तीच खोड. गुरूच्या गुरूकडून आलेली असणार. त्यानं पायापाशी टोला मारला, टण्. गुडघ्यावर, टण्. मुलं खूष झाली. माझ्या वर्गात नेहा म्हणून एक किडकिडीत मुलगी आहे, तिला त्यानं उचलून स्टुलावर उभं केलं आणि हातोडी दिली. तिनं दोन्ही हातांनी धरून खडूच्या डोळ्यांच्या मधोमध मारली.

आवाज आलाच नाही. म्हणजे आला, पण भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा.

नेहाला वाटलं, तिचंच काही चुकलं. ललितनं तिला उतरवलं, स्वतः मारून पाहिलं. बद्द. बाजूला मारून पाहिलं, कान लावला, पुन्हा मारलं. मानेपर्यंत टण्, त्याच्या वर बद्द. मग तो मागच्या बाजूला गेला आणि तिथं बराच वेळ वाकून राहिला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा शिबिराचा उत्साह उतरला होता. "आत तडा आहे," तो सरलाबाईला म्हणाला. "मोठा. डोळ्याला छिन्नी लावली तर अख्खं डोकं माझ्या हातात येईल." मग माझ्याकडे वळून, आपल्या लोकांतलं आपल्या लोकांना सांगावं तसं, "आता समजलं, मॅडम. वसंतसरांनी म्हणूनच सोडलं असणार. पत्थरच फॉल्टी. वाजवल्यावर त्यांना कळलं असेल, मग कोण हात लावतो!"

मी हसल्यासारखं केलं. म्हणजे त्यांनी ऐकलं नव्हतं. उकिडवे बसले, मान खाली घातली, नाही काढत म्हणाले, आणि तेव्हा त्यांना माहीत होतं की काढता येणारच नाही. एका बॉबिन भरणाऱ्या बाईचा मान ठेवायला काय जातं, दगड आतून गेलेलाच आहे. आणि ती बिचारी रिक्षात हसत होती. मी तिच्या जिवावर आयुष्यात ठिकठिकाणी नको म्हणत आले. मला एकदम आईची इतकी कीव आली, इतकी की मी मुलांकडे पाठ केली. समोर कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी कुणी नव्हतं, चहाचे कागदी पेले पडले होते. मी त्या जागेकडे बघत होते, आणि मला कळलं की मी या बाजूला तोंड करून इथं आधीही एकदा उभी राहिलेली आहे. उंचावर. खोक्यावर.

शेवटचा शनिवार. पाहुणे यायच्या आधीचा. काम संपलं होतं, दगड पाण्यानं धुतलेला, ओला, गुलाबी. वसंतकाकांनी निरोपाचा म्हणून प्रत्येकाला एकेक टोला दिला. मी खोक्यावर चढले. पदराच्या आत, जिथं तोंड नव्हतं तिथं, मी हातोडी मारली. आणि तो वाजला! असा वाजला की आमची शाळेची घंटाही तशी वाजत नव्हती. माझ्या मनगटातून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी दचकून मागे वळले. झाडाखाली आई उठून उभी राहिली होती. ऊन तिच्या तोंडावर होतं. "हंडानागत वाजस व!" ती ओरडली, तांब्याच्या हंड्यासारखा वाजतोय म्हणून, आणि हसली. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. डाव्या भुवईत लहानपणीची खोक, तिथं केस नव्हते. नाकपुड्या फुगलेल्या. घामानं कुंकू ओघळून नाकावर आलेलं. डोळे बारीक झालेले, आणि ते माझ्याकडे बघत होते, नुसते माझ्याकडे.

मी दगडाच्या मागच्या बाजूला गेले. खडबडीत भागावर, मानेच्या वर, जिथं हात सहज पोचतो तिथं दगड टवके उडून खोलगट झाला होता, नारळाच्या पाण्यानं चिकट, काळा पडलेला. एक करवंटीचा तुकडा अजून अडकलेला होता. त्या खोलगट जागेतून केसाएवढी रेघ निघून वर गेली होती, पदराकडे. मी तिच्यावर बोट ठेवलं. इतक्या कानबाया, इतके नवस. सरलाबाई माझ्या मागोमाग आली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तो करवंटीचा तुकडा काढून मुठीत दडवला.

"तडा नंतरचा आहे," मी ललितला सांगितलं. "तेव्हा नव्हता. मी सहावीत होते. मी स्वतः वाजवलंय, बरोबर इथंच. खणखणीत होता."

"इतकी वर्षं ऊन-पाणी लागलं असेल," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "मग सरांनी सोडलं कशाला?"

"त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. नको म्हणून."

"कोणी?"

"होती एक," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण मुलं माझ्याकडे बघायला लागली.

बाया आपसांत कुजबुजल्या आणि हळूहळू पांगल्या. ललितनं कटरची वायर गुंडाळली. मी वर्गातलं डस्टर पर्समध्ये ठेवते, सवयच आहे. ते सरलाबाईच्या तांब्यात बुडवून मी स्टुलावर चढले आणि खडूचे डोळे पुसले, नाक पुसलं, ते हसू पुसलं. केदार लहान असताना त्याचं तोंड पुसायची तसं, कोपऱ्याकोपऱ्यातून. दगड ओला झाल्यावर आतून गुलाबी दिसू लागला. "टीचर, आता काहीच नाही राहिलं," नेहा खालून म्हणाली. मी म्हटलं, तू जाऊन रांगेत उभी राहा.

सरलाबाई गेली नव्हती. ती कडुनिंबाखाली जाऊन बसली होती. एक मांडी जमिनीवर, दुसरा गुडघा उभा, गुडघ्यावर कोपर, तळव्यावर डोकं. रिकामा तांब्या बाजूला. बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मी तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसले. माझे गुडघे कुरकुरले. ती कुठंच बघत नव्हती. मी बघत होते. गालावर देवीचे जुने व्रण, वरच्या ओठावर थोडी लव, एका डोळ्यात साकळलेला पांढुरका मोतीबिंदू, आणि कानाच्या पाळीचं भोक ओघळून लांब झालेलं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं.

"काय पाही ऱ्हायनी व?" तिनं विचारलं.

"तोंड," मी म्हटलं.